शिक्का नसलेली सेन्सॉरशिप

आणीबाणीच्या काळात मधु दंडवते बंगलोरच्या तुरुंगात होते आणि प्रमिलाताई येरवड्याच्या. दोघांमधला सारा संवाद पत्रांतून चाले, आणि कोणतेही पत्र सेन्सॉरच्या डोळ्यांखालून गेल्यावाचून तुरुंगाच्या भिंतीबाहेर पडत नसे. लिहिणाऱ्याला ते ठाऊक होते, वाचणाऱ्यालाही ठाऊक होते. त्याच्याही आधी, दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांत, टपाल फोडले जाई तेव्हा पाकिटाच्या फाडलेल्या कडेला तपासनिसाने उघडल्याची छापील पट्टी चिकटवलेली असे. परकीय सरकार लोकांची पत्रे वाचत होते, पण वाचल्याची पावती देत होते. आज पत्रांची जागा मोबाईलवरील संदेशांनी घेतली आहे. पत्र फोडणाऱ्यांची जात मात्र नाहीशी झालेली नाही. नाहीशी झाली आहे ती पावती.

बुलढाणा जिल्ह्यातील देऊळगाव राजा हे जालन्याच्या सीमेला लागून असलेले तालुक्याचे गाव. बालाजीच्या यात्रेसाठी ते दूरवर ठाऊक आहे. तालुक्यातील मेहुणा राजा ही संत चोखामेळ्यांची जन्मभूमी म्हणून वारकऱ्यांना परिचित आहे. अशा गावातील कार्यकर्त्याचे आजचे काम कसे चालते? पीकविम्याच्या तक्रारी, सोयाबीन-कापसाचे भाव, शेडनेटमध्ये बीजोत्पादन करणाऱ्या शेतकऱ्यांचे कंपन्यांशी झालेले करार, खडकपूर्णा धरणाच्या पाण्याचा प्रश्न, या सगळ्याची चर्चा चावडीवर किंवा पक्षकचेरीत होण्याआधी व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांत होते. सभेची वेळ तिथेच ठरते, निवेदनाचा मसुदा तिथेच फिरतो, आणि एखाद्या सहकाऱ्याविषयीची नाराजीही रात्री उशिरा तिथेच व्यक्त होते. मग कधी तरी मोर्चाचा निर्णय गटात जाहीर होतो आणि सगळ्यांनी तो वाचून होण्यापूर्वीच पोलिसांची प्रतिबंधक नोटीस दारात येऊन पडते. पूर्वी ती फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४९ खाली येई; १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६८ खाली येते. कलमाचा आकडा बदलला, नोटिशीची तत्परता वाढली. अशा वेळी कार्यकर्ते एकमेकांकडे पाहतात आणि प्रश्न पडतो : संदेश कोणी वाचत आहे की काय?

हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही, आणि घाबरून जाण्याजोगाही नाही. तो नीट मांडला पाहिजे, कारण त्याचे उत्तर एकच नाही. पाळत ठेवणारे वेगवेगळे असतात, त्यांची साधने वेगळी असतात, आणि काही पाळती हातातल्या फोनवर पाच मिनिटांत ओळखता येतात, तर काही देशाच्या सर्वोच्च न्यायालयालाही निश्चितपणे सांगता आलेल्या नाहीत.

पहिली आणि सर्वांत स्वस्त पाळत ही तंत्रज्ञानाची नव्हे. शेकडो सभासद असलेल्या गटात खबर बाहेर जायला कोणत्याही यंत्राची आवश्यकता नसते; एक माणूस पुरतो. १९४२ च्या लढ्यात डॉ. लोहिया आणि उषा मेहता यांच्या काँग्रेस रेडिओचा माग काढायला ब्रिटिश सरकारने ध्वनिलहरी हुडकणाऱ्या गाड्या मुंबईच्या रस्त्यांवर फिरवल्या. अखेर नोव्हेंबर महिन्यात ते केंद्र पकडले गेले, त्यात फितूर झालेल्या तंत्रज्ञाचा वाटा मोठा होता. गाड्यांनी महिनोन्‌महिने जे साधले नाही ते एका माणसाच्या जिभेने साधले. गटात कोण आहे, कोणाच्या शिफारशीने आला, वर्षभरात एकदाही बैठकीला न दिसलेले क्रमांक कोणाचे आहेत, हे गटप्रमुखाला सांगता येत नसेल तर कूटभाषेची चर्चा व्यर्थ आहे. (गटप्रमुखांच्या माहितीसाठी एक गोष्ट ओघात नोंदवायला हवी : सभासदाने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुराबद्दल केवळ गटप्रमुख असल्याच्या कारणाने कोणी गुन्हेगार ठरत नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ साली गोंदिया जिल्ह्यातील प्रकरणात दिला आहे. पोलीस ठाण्यातून येणाऱ्या दमदाटीच्या फोनला हे उत्तर पुरेसे आहे.)

दुसरी पाळत निष्काळजीपणातून जन्मते. तालुक्याच्या गावी तहसील कचेरीच्या आसपास झेरॉक्सची दुकाने असतात. सातबारा, आधार, विम्याची पावती छापून घ्यायची असते. कागद फोनमध्ये असतो. दुकानदाराच्या संगणकावर व्हॉट्सअ‍ॅप उघडले जाते, पडद्यावरील चौकटीसमोर फोन धरला जातो, कागद छापून निघतो, दहा रुपये दिले जातात आणि माणूस घाईने निघून जातो. संगणक मात्र त्याच्या खात्याला जोडलेला राहतो. त्यानंतर येणारा प्रत्येक संदेश दोन ठिकाणी उमटू लागतो : एक मालकाच्या खिशात, दुसरा दुकानातील पडद्यावर. दुकानदार भला असेल आणि बहुतेक वेळा असतोच, पण त्या खुर्चीत दिवसभर पन्नास जण बसतात. ही पाळत ओळखणे सर्वांत सोपे. व्हॉट्सअ‍ॅपच्या मांडणीत ‘लिंक केलेली डिव्हाइस’ अशी एक यादी असते. खाते आणखी कुठल्या यंत्रांना जोडलेले आहे आणि ते यंत्र शेवटचे केव्हा सुरू होते, हे तिथे लिहिलेले असते. अनोळखी नाव दिसले की त्यावर बोट ठेवून जोडणी तोडता येते. नोव्हेंबर २०२५ मध्ये दूरसंचार खात्याने संगणकावरील असे खाते दर सहा तासांनी आपोआप बंद व्हावे, असा आदेश काढला. हेतू फसवणूक रोखण्याचा सांगितला गेला. पण सहा तासांत एखाद्या आंदोलनाचे सगळे नियोजन वाचून होते, तेव्हा यादी पाहण्याची सवय लावून घेणे हेच खरे.

खाते सरळसरळ पळवण्याचाही एक प्रकार आहे. कोणी तरी ओळखीचा आवाज काढून सहा आकडी संकेतांक मागतो, भोळा माणूस तो सांगतो, आणि खाते दुसऱ्या फोनवर नोंदले जाते. परंतु ही चोरी फार काळ गुप्त राहत नाही, कारण मूळ फोनवरील खाते त्याच क्षणी बंद पडते. दोन टप्प्यांच्या पडताळणीचा वेगळा आकडा लावून ठेवला की हा मार्ग बहुतांशी बुजतो. सहकाऱ्याचा सुरक्षा संकेतांक बदलल्याची सूचना मिळण्याची सोयही त्याच मांडणीत आहे, पण ती मुद्दाम सुरू करावी लागते. एखाद्याचा संकेतांक बदलला तर बहुधा त्याने फोन नवा घेतलेला असतो. तरी एकदा त्याला प्रत्यक्ष विचारून खात्री करण्यात काहीच कमीपणा नाही.

तिसऱ्या पाळतीविषयी चळवळीत कोणी बोलत नाही, म्हणून इथे जरा थांबणे भाग आहे. दिल्लीतील यंत्रणा देऊळगाव राजाच्या किती कार्यकर्त्यांचे संदेश वाचत असतील हे सांगता येणार नाही. पण तालुक्यातालुक्यांतील किती तरी कार्यकर्त्या स्त्रियांचे संदेश त्यांच्याच घरात वाचले जातात, याविषयी ज्यांनी महिला आघाडीचे काम केले आहे त्यांना शंका असणार नाही. फोनचा आकडा नवऱ्याला ठाऊक असणे हा संसाराचा नियमच मानला जातो. दीर, सासरे, मोठा मुलगा यांनी ‘सहज’ फोन चाळणे याला पाळत म्हणण्याची रीत नाही. त्याच्या पुढची पायरी म्हणजे फोन काही मिनिटे हाती घेऊन त्यात लपून राहणारे हेरगिरीचे अ‍ॅप बसवणे. मुलांवर लक्ष ठेवण्याच्या नावाखाली अशी साधने उघडपणे विकली जातात. त्यांचे चिन्ह पडद्यावर दिसत नाही. परंतु अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये सर्व अ‍ॅपची पूर्ण यादी असते, आणि अ‍ॅक्सेसिबिलिटी, सूचना वाचण्याची परवानगी व डिव्हाइस अ‍ॅडमिन ही तीन दालने असतात. ज्या अ‍ॅपला ही परवानगी देण्याचे काही कारण नाही ते तिथे आढळले, किंवा फोनची स्वतःची संरक्षण-तपासणी कोणी तरी बंद करून ठेवलेली आढळली, तर संशयाला आधार आहे असे समजावे.

मात्र असे अ‍ॅप सापडताच ते काढून टाकावे, हा सल्ला प्रत्येकीला देता येत नाही. काढल्याचे पाळत ठेवणाऱ्याला कळते, आणि जिथे हात उगारला जातो तिथे त्या क्षणाचा धोका मोठा असतो. आधी दुसऱ्याच, सुरक्षित फोनवरून विश्वासातल्या माणसाशी बोलणे, पुरावा म्हणून पडद्याचे छायाचित्र दुसऱ्या फोनने काढून ठेवणे, आणि नंतर काय करायचे ते ठरवणे, हा क्रम शहाणपणाचा. कायदा या बाबतीत स्पष्ट आहे. स्त्रीच्या इंटरनेट, ईमेल किंवा अन्य इलेक्ट्रॉनिक संपर्काच्या वापरावर पाळत ठेवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ नुसार गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे, आणि त्या कलमाच्या अपवादांत पतीचा उल्लेख नाही. राज्यसंस्थेच्या हेरगिरीविरुद्ध ठराव करणाऱ्या किती कार्यकर्त्यांनी घरातील फोन खाली ठेवला आहे, हा प्रश्न तालुका शिबिरात एकदा तरी विचारला गेला पाहिजे.

पाळतीची म्हणून जी लक्षणे सांगितली जातात ती बव्हंशी फसवी आहेत. फोन गरम होणे, बॅटरी लवकर उतरणे, बोलताना खरखर ऐकू येणे, बोलण्यात आलेल्या वस्तूची जाहिरात दिसणे, या गोष्टी जुन्या फोनच्या, खराब नेटवर्कच्या आणि जाहिरात कंपन्यांच्या हावरेपणाच्या खुणा आहेत. विदर्भातल्या उन्हाळ्यात फोन गरम होतो तो गुप्तहेरांमुळे नव्हे. उलट, जी पाळत खरोखर धोकादायक आहे तिची अशी लक्षणे बहुधा दिसतच नाहीत.

व्हॉट्सअ‍ॅपवरील संदेश एप्रिल २०१६ पासून दोन्ही टोकांना कुलूपबंद असतात. पाठवणाऱ्याच्या फोनात कुलूप लागते आणि घेणाऱ्याच्या फोनातच ते उघडते. मधल्या तारेवर कान लावून बसणाऱ्याला निरर्थक अक्षरे मिळतात. म्हणून टेलिफोन खात्यातील जुनी टॅपिंगची रीत इथे चालत नाही. पण कुलूप मजकुराला आहे, पाकिटाला नाही. कोण कोणाशी, केव्हा, किती वेळा बोलले याची नोंद वेगळी राहते, आणि संघटनेचा नकाशा काढायला मजकुरापेक्षा तीच नोंद अधिक उपयोगी पडते. साध्या कॉलच्या अशा नोंदींचा तर बाजार भरतो : २०१८ साली ठाणे पोलिसांनी लोकांचे कॉल तपशील बेकायदा मिळवून विकणारी टोळी उघडकीस आणली, तेव्हा अटक झालेल्यांत खासगी गुप्तहेरही होते. शिवाय संदेशांची राखीव प्रत गूगल किंवा अ‍ॅपलच्या साठ्यात जाते. तिला कुलूप लावण्याची सोय २०२१ पासून आहे, परंतु ती वापरकर्त्याने स्वतः सुरू करावी लागते. बहुतेकांनी ती केलेली नसते.

कुलूप फोडता येत नसेल तर घरातच शिरायचे, हा विचार इस्रायलच्या एनएसओ या कंपनीने केला. तिचे पेगॅसस हे हत्यार फोनच्या आत बसते आणि कुलूप लागण्याआधी व उघडल्यानंतर सारे वाचते. मायक्रोफोन आणि कॅमेराही त्याच्या ताब्यात जातो. २०१९ च्या एप्रिल-मे महिन्यांत व्हॉट्सअ‍ॅपच्या व्हिडिओ कॉलमधील एका दोषाचा फायदा घेऊन जगभरातील सुमारे १,४०० जणांच्या फोनवर त्याचा मारा झाला. कॉल उचलण्याचीही गरज नव्हती. त्या ऑक्टोबरमध्ये व्हॉट्सअ‍ॅपने अमेरिकेतील न्यायालयात दावा दाखल केला आणि लक्ष्य झालेल्यांना कळवले. त्यांत भारतातील १२१ जण होते असे कंपनीने भारत सरकारला सांगितले. नागपूरचे वकील निहालसिंग राठोड त्यांतले एक. भीमा कोरेगाव प्रकरणातील आरोपी सुरेंद्र गडलिंग यांच्या बचावाचे काम ते पाहत होते. आनंद तेलतुंबडे यांचेही नाव त्या यादीत होते. विदर्भातील एका वकिलाचे आपल्या अशिलाशी होणारे बोलणे हे कोणाला इतके मोलाचे वाटले, की त्यासाठी जगातील सर्वांत महाग हेरयंत्रांपैकी एक वापरले जावे? एनएसओ आपले हत्यार फक्त सरकारांना विकल्याचे सांगते. भारत सरकारने ते विकत घेतल्याचे मान्य केले नाही आणि निःसंदिग्धपणे नाकारलेही नाही.

जुलै २०२१ मध्ये जगातील अनेक वृत्तपत्रांनी एकत्र येऊन या हेरगिरीच्या लक्ष्यांची यादी प्रसिद्ध केली, तेव्हा प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २७ ऑक्टोबर २०२१ रोजी न्यायालयाने तज्ज्ञांची समिती नेमली आणि निवृत्त न्यायमूर्ती आर. व्ही. रवींद्रन यांना तिच्या देखरेखीचे काम दिले. ऑगस्ट २०२२ मध्ये सरन्यायाधीश रमणा यांनी अहवालातील निष्कर्ष न्यायालयात सांगितले : २९ फोन तपासले, पाचांत घातक प्रणाली आढळली, ती पेगॅससच होती याचा निर्णायक पुरावा नाही, आणि केंद्र सरकारने समितीला सहकार्य केले नाही. तज्ज्ञ हाताशी, प्रयोगशाळा हाताशी, सर्वोच्च न्यायालयाचा अधिकार पाठीशी; तरीही उत्तर अर्धेच. मग तालुक्यातील कार्यकर्त्याने फोन कानाला लावून खरखर ऐकत बसण्यात काय हशील? त्याच्या हाती एवढेच आहे की फोनची प्रणाली वेळच्या वेळी अद्ययावत करणे, अनोळखी दुव्यावर बोट न ठेवणे, फोन अधूनमधून बंद करून सुरू करणे, आणि कंपनीकडून इशारा आला तर तो थट्टेवारी न नेता जाणकाराला दाखवणे. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस अ‍ॅपल कंपनीने शासनपुरस्कृत हल्लेखोर फोन लक्ष्य करीत असावेत असा इशारा ज्यांना दिला, त्यांत सीताराम येचुरी, अखिलेश यादव, महाराष्ट्राच्या प्रियांका चतुर्वेदी असे विरोधी पक्षांचे नेते होते. परदेशी कंपनीने सांगावे तेव्हा भारतीय नागरिकाला कळावे, ही स्थिती स्वाभिमानाची नाही.

वाचले जाणे ही या पाळतीची एकच बाजू आहे. भीमा कोरेगाव प्रकरणात आरोपींच्या बाजूने अमेरिकेतील आर्सेनल या न्यायवैद्यक संस्थेने रोना विल्सन यांच्या संगणकाची प्रत तपासली. २०१६ च्या जूनमध्ये आलेल्या एका ईमेलमधून त्यात घुसखोरी झाली, ती २२ महिने टिकली आणि त्या काळात त्यांच्या नकळत कागदपत्रे त्यात ठेवली गेली, असा निष्कर्ष तिने फेब्रुवारी २०२१ मध्ये काढला. गडलिंग यांच्या संगणकाबाबतही असाच अहवाल आला. तपासयंत्रणेला हे मान्य नाही, आणि विल्सन यांना जामीन मिळाला तो साडेसहा वर्षांनी, जानेवारी २०२५ मध्ये. ज्या दारातून कोणी आत येऊन वाचू शकतो त्याच दारातून तो काही आणून ठेवूही शकतो, हे ध्यानात घेतले म्हणजे ‘ज्याने काही केले नाही त्याला भिण्याचे कारण काय’ या मध्यमवर्गीय प्रश्नातली हवा निघून जाते.

आता कायद्याकडे वळले पाहिजे, कारण सरकारी पाळत फोन तपासून कळत नसेल तर ती कळवण्याचे बंधन कोणावर आहे, हाच खरा प्रश्न उरतो. उत्तर धक्कादायक आहे. ते बंधन कोणावरही नाही. १८८५ च्या तार कायद्यातील कलम ५(२) ब्रिटिशांनी आपल्या सोयीसाठी केले. पीयूसीएल या, जयप्रकाशांनी १९७६ साली उभ्या केलेल्या संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये टॅपिंगला काही बंधने घातली : आदेश गृहसचिवाच्या पातळीवर निघावा, त्याची मुदत असावी, आढावा समितीने तो तपासावा. पण ज्याच्या विरुद्ध आदेश निघाला त्याला तो कधीही दाखवला जात नाही, आणि आढावा समितीत सगळे सचिवच असतात. न्यायाधीश नाही, विरोधी पक्षाचा प्रतिनिधी नाही. केंद्र सरकार महिन्याला सरासरी ७,५०० ते ९,००० टेलिफोन टॅपिंगचे आदेश काढते, असे माहितीच्या अधिकारातील उत्तरावरून एका दशकापूर्वीच उघड झाले होते. न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीने २०१८ च्या अहवालात नमूद केले की दोन महिन्यांतून एकदा भरणाऱ्या आढावा समितीसमोर एका बैठकीत १५,००० ते १८,००० आदेश असतात. आठ तास अखंड बसले तरी मिनिटाला तीसहून अधिक आदेश होतात. याला आढावा म्हणणे हा शब्दाचा अपमान आहे. त्याच वर्षीच्या २० डिसेंबरला गृहमंत्रालयाने दहा यंत्रणांना कोणत्याही संगणकातील माहिती मिळवण्याचे अधिकार दिले. पुढे २०२३ चा दूरसंचार कायदा आला. त्याने तार कायदा मोडीत काढला, पण त्यातील कान जसाच्या तसा ठेवला.

महाराष्ट्राला या आदेशांचा अनुभव आहे. २०१६-१७ मध्ये खासदार असताना आपला फोन अमजद खान या भलत्याच नावाने टॅप झाल्याचे नाना पटोले यांनी २०२१ साली विधानसभेत सांगितले. त्यावरून पुढे दाखल झालेले गुन्हे मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये रद्द केले, तेव्हा दोषी कोण हा प्रश्न न्यायालयीन दृष्ट्या मिटला आहे. उरतो तो मुद्दा एवढाच की खासदारालाही आपल्या फोनविषयीचा संशय उघडपणे मांडायला चार वर्षे लागली आणि सत्तांतर व्हावे लागले. न्यायालये मुळीच ऐकत नाहीत असे मात्र नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका व्यावसायिकाच्या टॅपिंगचे तीन आदेश रद्द ठरवले आणि ध्वनिमुद्रणे नष्ट करण्यास सांगितले, कारण लाचलुचपतीच्या त्या प्रकरणात सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षिततेचा प्रश्न नव्हता. पण त्या माणसाला टॅपिंग कळले ते खटला उभा राहिला म्हणून. ज्याच्यावर खटलाच भरला जात नाही, ज्याचे नुसते ऐकले जाते, तो कोणत्या न्यायालयात जाईल?

या बाबतीत समाजवाद्यांनी आणि जनता परिवाराने केवळ काँग्रेस-भाजपकडे बोट दाखवून भागणार नाही. कर्नाटकात रामकृष्ण हेगडे यांना ऑगस्ट १९८८ मध्ये मुख्यमंत्रिपद सोडावे लागले ते टेलिफोन टॅपिंगच्याच प्रकरणावरून, आणि ते जनता पक्षाचे मुख्यमंत्री होते. सत्ता हाती आली की कानही लांब होतात. त्याला पक्षाच्या घटनेतील तत्त्वज्ञान आड येत नाही. याउलट, १९८६ साली संसदेने टपाल फोडण्याचे अधिकार वाढवणारे विधेयक मंजूर केले तेव्हा राष्ट्रपती झैलसिंग यांनी त्यावर सही केली नाही, आणि ते कधीच कायदा झाले नाही. डिसेंबर २०२३ मध्ये नवा टपाल कायदा संसदेत मंजूर झाला, त्यात टपाल अडवण्याचा अधिकार आहे. त्यावर किती सभा झाल्या, किती निवेदने गेली? आणि जिथे ओरड झाली तिथे फरक पडल्याचे ताजे उदाहरण आहे : प्रत्येक नव्या फोनमध्ये ‘संचार साथी’ हे सरकारी अ‍ॅप आधीच बसवण्याची सक्ती दूरसंचार खात्याने केली, आणि गदारोळ होताच ३ डिसेंबर २०२५ रोजी ती मागे घेतली.

मागणी कोणती करायची? टॅपिंग सर्वस्वी बंद करा ही मागणी करणे सोपे आहे, पण दहशतवादी आणि खंडणीखोर यांच्या देशात ती टिकणारी नाही. जर्मनीत पाळत संपल्यावर, तपासाला बाध येत नसेल तर, संबंधित नागरिकाला तसे कळवण्याची तरतूद आहे. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने १९७८ सालीच त्या कायद्याची कसून तपासणी केली. अमेरिकेत फौजदारी तपासासाठी न्यायाधीशाच्या हुकमाने झालेल्या टॅपिंगची सूचना साधारणपणे ९० दिवसांच्या आत संबंधिताला द्यावी लागते. भारतात उलट रीत आहे. स्वतःचा फोन टॅप होत होता का, ही माहिती माहितीच्या अधिकाराखाली देता येणार नाही, असे दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने २०२३ च्या अखेरीस ठरवले. पेगॅससच्या अहवालाविषयी २९ एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की देशाच्या सुरक्षेला स्पर्श करणारा भाग उघड होणार नाही, पण आपला समावेश आहे का एवढे विचारणाऱ्या व्यक्तीला कळवता येईल. ही फट बारीक आहे, तरी आहे.

पाळतीच्या नोंदी सामान्यतः दर सहा महिन्यांनी नष्ट कराव्यात, असे नियमच सांगतात. खासगीपणाच्या रक्षणासाठी ते योग्य दिसते, परंतु ज्याचे संदेश वाचले गेले त्याला कळण्यापूर्वीच पुरावा भट्टीत जातो. नोंद नष्ट करण्याआधी त्या नागरिकाला लेखी कळवावे, कळवायचे नसेल तर त्याची कारणे न्यायाधीशासमोर मांडावीत, आणि आढावा समितीत एक कार्यरत न्यायाधीश असावा, एवढी दुरुस्ती दूरसंचार कायद्यात सुचवायला बहुमत लागत नाही. एका खासदाराचे खासगी विधेयक पुरते. मसुदा दोन पानांत बसेल. बुलढाण्याचे आणि जालन्याचे खासदार येत्या अधिवेशनाला निघण्यापूर्वी तो त्यांच्या हाती पडावा, आणि तो झेरॉक्सच्या दुकानात छापून झाल्यावर संगणकावरील खाते तिथल्या तिथे बंद केले जावे.